बोटभर जागा

मिस्त्रींच्या हत्यारांच्या पिशवीत सगळ्यात वर मोजे असत. रंधा, पटाश्या, करवत, गुण्या हे सगळं खाली आणि वर मोज्यांचे गोळे. काळे, तपकिरी, शाळेच्या गणवेशाचे पांढरे, एक जोडी तर तान्ह्या बाळाची. बाळाचे कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरात बाळ असला तर?"

लाकडी जमीन बसवून झाली की त्या खोलीत मोज्यांशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. मग तो घरमालक असो, वायरमन असो की आमच्या कंपनीचा साहेब. मोजे रोज धुतलेले असत, पण त्यांना भोकं होती. आमच्या साहेबांनी एकदा अंगठा बाहेर आलेला मोजा घालून एका गिऱ्हाइकाला वीस मिनिटं सागाच्या जाती समजावून सांगितल्या. गिऱ्हाईक पूर्ण वेळ अंगठ्याकडे बघत होतं.

मी तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करून शहापूरच्या एका छोट्या बांधकाम कंपनीत साइट सुपरवायझर म्हणून नुकतीच लागले होते. खर्डीहून स्कूटीने जायचे-यायचे. मुंबईची माणसं तानसा धरणाच्या बाजूला आणि मुरबाडच्या रस्त्याला बंगले बांधत होती, आणि ज्याला त्याला खाली लाकूड हवं होतं. आमच्या घरी शहाबादी फरशी. बंगल्यात लाकडी जमीन करतात हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग ती पुसायची कशी?" मलाही माहीत नव्हतं. ते सगळं मला मिस्त्रींनी शिकवलं. साइटवर त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. मी काका म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे.

त्यांचं गाव मुरबाड तालुक्यात, म्हसाच्या अलीकडे. पोरवयात मुंबईला गेले आणि कुठल्याशा जुन्या क्लबातल्या नाचाच्या दिवाणखान्याची लाकडी जमीन दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली लागले. तीस वर्षं मुंबईत घालवून परत आले ते दोन गोष्टी घेऊन. एक म्हणजे कला. दुसरी म्हणजे माणसाच्या चालीवरून त्याचा स्वभाव सांगायची खोड. "टाच आपटून चालनारा मानूस रागीट, पन खोटा नाय," असं ते ठामपणे सांगत. "चवड्यावर चालनाऱ्याला उसनं देऊ नये." नव्या घरात काम सुरू करायच्या आधी ते घरातल्या प्रत्येकाला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावत. मुंबईची सुशिक्षित माणसं आधी हसत, मग एकेक करून गंभीरपणे चालून दाखवत. आज्या पदर सावरून चालत. मलाही पहिल्याच दिवशी त्यांनी चालायला लावलं आणि सगळ्या गड्यांसमोर म्हणाले, "डाव्या पायावर जोर हाय. घरी लगीन ठरवतात आनि तुला करायचा नाय, असाच ना?"

असंच होतं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आमचे साहेब 'वुडन फ्लोरिंग' म्हणत. मिस्त्रींना त्या शब्दाचा राग. "फ्लोरिंग दुकानात मिळतो. मी जमीन करतो." आणि जमीन करायची तर पहिला दिवस ते काहीच करत नसत. रिकाम्या खोलीत गाल कोब्याला टेकवून पालथे पडून राहत. ओल वर येते का, ऊन कुठून कुठे सरकतं, कुठल्या कोपऱ्यात गार लागतं, हे सगळं ते गालाने बघत. एकदा एका बंगल्यात वीजमीटर बघायला आलेला माणूस त्यांना तसं पाहून थेट गेटबाहेर पळाला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, आत एक जण गेलाय. मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांनी चौकशी केली ती एवढीच: "पळाला तो बूट घालून का?"

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र शेणाने सारवलेली जमीन. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंना विचारलं, "तुम्ही नाही का करून घेतली लाकडाची?" काकू भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "यांनी लाकूड बसवला तर मला घरात घेतील का गो? रोज उंबऱ्यावर मोजं घालायचं आनि आत येऊन चूल पेटवायची."

दुरुस्तीच्या कामांत तर त्यांची वेगळीच रीत होती. मुरबाडच्या एका घरात स्वयंपाकघराकडे जाणारी फळी करकरत होती. घरमालकांना तो आवाज बंद हवा होता. मालक बाहेर गेल्यावर त्यांची सून हळूच आली आणि म्हणाली, "मिस्त्री, तो आवाज राहू द्या ना. आई येताहेत ते कळतं." मिस्त्रींनी तासभर विचार केला. मग त्यांनी ती फळी गप्प केली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, मालकांचा पाय सहसा पडत नाही अशा जागी, दुसरी एक फळी जराशी ढिली केली. मालक खूश, सून खूश. मी म्हटलं, "काका, ही दुरुस्ती झाली की बिघाड?" तर म्हणाले, "लाकडानं घरात भांडन लावू नये. एवढाच बघायचा."

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे बोटभर जागा. फळ्या एकमेकींत बसवत भिंतीपर्यंत गेलं की भिंत आणि शेवटची फळी यांच्यात ते चारही बाजूंनी करंगळीएवढी फट सोडत. वरून उभी पट्टी मारली की ती दिसत नाही. "लाकूड पावसात पानी पितो. पोट भरला की त्याला पाय पसरायला जागा नको?" असं ते म्हणत. पट्टी मारायच्या आधी स्वतःची करंगळी खोलीभर त्या फटीतून फिरवत. करंगळी अडली तर फळी परत काढायची.

आणि इथेच मी माती खाल्ली.

तानसाच्या बाजूला एका डॉक्टरांचा बंगला होता. मुंबईचे हाडांचे डॉक्टर. माणूस उंच, टापटिपीचा, प्रत्येक गोष्टीचा फोटो मागवणारा. मिस्त्रींनी त्यांचा हॉल जवळजवळ पूर्ण केला होता, झोपायची खोली राहिली होती. फळ्या येऊन पडल्या होत्या, पण मिस्त्री त्यांना हात लावू देत नव्हते. "पंधरा दिवस खोलीत पडू दे. घराची हवा लागू दे. नवीन सून आल्या आल्या विहिरीवर पाठवतात काय?" तेवढ्यात म्हसाची जत्रा आली. मिस्त्री दर वर्षी बैल बघायला जत्रेला जात. घेत कधीच नसत, फक्त बघत. त्या वर्षीही गेले.

त्याच दिवशी डॉक्टरांचा फोन आला. त्यांना पुढच्या आठवड्यात वास्तुशांत करायची होती. शिवाय हॉलच्या एका कोपऱ्यात पट्टी मारायची राहिली होती आणि माझ्याच फोटोत ती फट त्यांना दिसली होती. "ही गॅप कसली? लाकूड कमी पडलं का? बेडरूममध्ये मला असलं काही चालणार नाही. भिंतीला घट्ट लावून पाहिजे." मी सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "मॅडम, उन्हाळा-पावसाळा मला नका सांगू. लाकूड म्हणजे काय हवा भरलेला फुगा आहे?"

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतंय तसं कर." मी दुसरे दोन सुतार आणले आणि तीन दिवसांत ती खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठासून बसवून घेतली. मला सगळं माहीत होतं. माहीत असून केलं.

मिस्त्री जत्रेहून परतले. खोलीच्या दारात उभे राहिले. आत गेले, गुडघ्यावर बसले, पट्टीवर दोन ठिकाणी बोटाने टकटक केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मागं जागा हाय?"

"नाही काका."

"बरं," म्हणाले. मोजे गोळा केले, पिशवी उचलली आणि निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

वास्तुशांत थाटात झाली. डॉक्टरांनी पाहुण्यांना खास झोपायची खोली दाखवली. "बघा, एक फट नाही."

जुलैत एका सकाळी सात वाजता डॉक्टरांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, ऑपरेशनच्या वेळी असेल तसा. "मॅडम, मी बेडरूममध्ये आहे आणि मला बाहेर येता येत नाही."

आठ दिवस तानसावर पाऊस उभा होता. खोलीतल्या फळ्यांनी पोट भरून पाणी प्यायलं होतं आणि पाय पसरायला जागा नाही म्हणून त्या मधोमध आणि दाराशी उंटाच्या पाठीसारख्या वर आल्या होत्या. दार आत उघडणारं. त्याच्या खाली जमिनीने असं डोकं लावलं होतं की ते तसूभर हलेना. मी पोचले तेव्हा डॉक्टर पायजम्यात खिडकीच्या गजांमागे उभे होते आणि वॉचमन त्यांना गजांतून चहाचा कप देत होता.

"दार तोडू का?" मी विचारलं.

"दाराला हात लावायचा नाही!" डॉक्टर ओरडले. ते दार दक्षिणेतून आणलेलं, जुनं, कोरीव. त्यांनी घरापेक्षा जास्त प्रेमाने निवडलेलं. गज कापावेत तर वीज गेलेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ते मोजेवाले कुठे आहेत? त्यांना आणा."

मिस्त्रींचा फोन लागेना. आवणीच्या दिवसांत ते फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात हे मला नंतर कळलं. स्कूटीवर, रेनकोट घालून, दीड तास भिजत मी त्यांच्या गावाला गेले. ते शेतात वाकून भात लावत होते. बाजूला काकू. मी बांधावरून सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"किती फुगला?"

"दाराशी दोन बोटं. मधे चांगली वीतभर."

"डॉक्टर आतच?"

"आतच."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रागाने. मग कळलं, हसताहेत. हसून झाल्यावर म्हणाले, "एवढा वाफा लावून येतो. रोपं उपटलेली हायत, टाकून जाता येनार नाय. उतर खाली, लवकर होईल."

मी कंपनीच्या टी-शर्टात, गुडघाभर चिखलात उतरले आणि तासभर भात लावलं. काकू माझ्या ओळीकडे बघून म्हणाल्या, "वाकडी गो बाय." मिस्त्री म्हणाले, "असू दे. तिला घट्ट लावायची सवय हाय. बघ, रोपांनापन जागा सोडत नाय." मी रोपं उपटून पुन्हा लांब लांब लावली.

मग ते पिशवी घेऊन माझ्या मागे स्कूटीवर बसले. 

बंगल्यावर पोचल्यावर त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. पहिलं वाक्य: "साहेब, पायात काय हाय?"

"स्लीपर," डॉक्टर म्हणाले.

गजांतून मोज्यांची जोडी आत गेली. मुंबईच्या त्या मोठ्या डॉक्टरांनी पलंगाच्या कडेवर बसून ती घातली.

"आता काम तुमालाच करायचा हाय. मी काय गजांतून येत नाय." मिस्त्रींनी एक पटाशी आणि हातोडी आत दिली. मग मला म्हणाले, "बाय, वॉचमनच्या घरून खोबरेल आन, पटाशीला लावायला." वॉचमनचं घर गेटाशी, पावसात जाऊन यायला मला दहा-बारा मिनिटं लागली. परत आले तेव्हा दोघं खिडकीच्या दोन बाजूंना डोकी जवळ आणून काहीतरी बोलत होते. मला बघून गप्प झाले.

मग शस्त्रक्रिया सुरू झाली. दुसरा शब्दच नाही. डॉक्टर भिंतीकडे गुडघ्यावर बसले, पट्टी सोडवली आणि भिंतीला चिकटलेल्या शेवटच्या फळीवर पटाशी टेकवली. बाहेर छत्रीखाली मिस्त्री. "तिरकी धरा. आनखी तिरकी. रेषेच्या अंगानं, रेषेच्या विरुद्ध नाय." डॉक्टरांनी हातोडी मारली. नेमकी, बेताची. मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या.

"साहेब, तुमी नक्की करता काय?"

"हाडं. पटाशी आणि हातोडी रोज हातात असते."

"खरी पटाशी?"

"अशीच. जरा चकचकीत."

मिस्त्री माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हात चांगला हाय. फुकट गेला मानूस."

पाऊण तास लागला. डॉक्टर घामाने निथळत होते, पायजम्याला भुसा लागला होता, आणि मी त्यांना कधी नव्हे इतकं आनंदी बघत होते. शेवटची फळी अर्धी निघाली आणि बंदूक उडावी तसा 'काड्' आवाज झाला. वॉचमनच्या हातातला कप पडला. सगळी जमीन भिंतीकडे सरकली होती.

"आता दाराशी जाऊन उडी मारा!"

"उडी?"

"दोन्ही पायांनी! मोजं घातलंय ना, घाबरता कशाला?"

हाडांच्या डॉक्टरांनी तीन उड्या मारल्या. तिसरीला जमीन खाली बसली आणि दार करकरत उघडलं. डॉक्टर हॉलमध्ये आले, तोवर आम्ही पुढच्या दाराने आत गेलो होतो. हॉलमधली जमीन, मिस्त्रींनी बसवलेली, शांत पाण्यासारखी सपाट होती. डॉक्टरांनी ती पाहिली. मग मागे वळून झोपायची खोली पाहिली.

मी तोंड उघडलं. सांगून टाकायचं ठरवलंच होतं. नोकरी गेली तर गेली. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "साहेब, ही खोली मी बसवली. माझी चूक. पाऊस गेला की मीच परत करून देतो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे."

परतताना मी स्कूटी थांबवली. "काका, असं का बोललात? तुमचं नाव खराब झालं."

"झाला तर झाला. आता तू मला रोज दोन चहा द्यायचा. काम चालू असेल तोवर."

दिवाळीनंतर आम्ही ती खोली उखडून पुन्हा बसवली. या वेळी फळ्या मी लावल्या, ते बाजूला बसून माझ्या चुका मोजत होते आणि चहा पीत होते. डॉक्टर दर रविवारी येऊन आम्हांला मदत करत. त्यांच्या मदतीमुळे चार दिवस जास्त लागले. पुढे कितीतरी साइटवर मिस्त्री चारचौघांत म्हणत, "हिची नोकरी मी वाचवली," आणि दुसरा चहा मागत. मी निमूट आणून देत असे. खरंच होतं ते.

दोन वर्षांनी त्यांचे गुडघे गेले. आयुष्यभर गुडघ्यावर बसून काम केलेला माणूस. डॉक्टरांनी ऐकलं आणि हट्टाने त्यांना मुंबईला आपल्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी त्यांना बजावलं, "सांध्यात जागा सोडा हां साहेब. पावसात फुगतो." डॉक्टरांनी समजावलं की गुडघा पावसात फुगत नाही. मिस्त्री म्हणाले, "तुमी जमिनीबद्दलपन असाच म्हनला होतात."

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, माणूस जागाच असतो. पडद्याच्या अलीकडे पडून मिस्त्री ठोकण्याचे आवाज ऐकत होते. मध्येच म्हणाले, "साहेब, आवाज पोकळ येतो. जरा डावीकडं बघा." नर्स हसून हसून बाहेर गेली.

"मग डावीकडे काही होतं का?" मी डॉक्टरांना विचारलं. ऑपरेशन नीट झालं होतं, आम्ही वॉर्डाबाहेर उभे होतो.

"ते मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले.

तिथे काय झालं कोण जाणे, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, एक सांगायचंय. तुमची ती खोली काकांनी नव्हती बसवली. ते जत्रेला गेले होते. मी दुसरे सुतार लावले होते. मला माहीत होतं फुगणार, तरी लावले. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

डॉक्टर म्हणाले, "तुम्हांला अजून सांगितलं नाही त्यांनी?"

"काय?"

"तुम्ही खोबरेल आणायला गेलात ना, तेव्हाच त्यांनी मला सगळं सांगितलं. मी आत अडकलेलो, ऐकण्याशिवाय करतो काय? म्हणाले, फट बुजवायला सांगनारे तुमी, बुजवनारी ती, आनि काम टाकून बैल बघायला जानारा मी. तिघांत वाटून घेऊ." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी म्हटलं, त्या मुलीला मी उद्याच काढायला लावतो. तर गजांतून माझा हात धरला आणि म्हणाले, तिला काढू नका साहेब. तिला आता कायमचा कळला. नवीन मानूस आनलात तर त्याला कळायला आनखी एक खोली फुगवावी लागेल."